स्वर्गावाचून भक्ती : एका जुन्या कज्ज्याची हकीकत

तेराव्या शतकाच्या मध्यास, इजिप्तवरील स्वारीत पराभव पावून, कैद भोगून आणि जबर खंडणी मोजून सुटलेला फ्रान्सचा नववा लुई राजा पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील आक्र बंदरात तळ देऊन बसला असता, दमास्कसच्या सुलतानाकडे त्याने जी वकिलात रवाना केली तिच्यासोबत ईव्ह नावाचा ब्रिटनी प्रांतातील एक दोमिनिकन संन्यासी, अरबी भाषा जाणतो म्हणून, दुभाषा या नात्याने गेला होता. मुक्कामाच्या जागेवरून सुलतानाच्या वाड्याकडे जाताना त्याला रस्ता ओलांडणारी एक म्हातारी दिसली. तिच्या उजव्या हातात निखाऱ्यांनी भरलेले पात्र होते आणि डाव्या हातात पाण्याची कुपी. हे काय चालवले आहेस, असे संन्याशाने विचारताच ती म्हणाली की, या विस्तवाने स्वर्ग जाळून टाकायचा आहे आणि या पाण्याने नरक विझवायचा आहे, म्हणजे यापुढे कोणी स्वर्गाच्या लोभाने किंवा नरकाच्या धाकाने सत्कर्म करणार नाही. करायचे ते निव्वळ देवाच्या प्रेमापोटी करील. लुईचा सहकारी ज्वांव्हील याने ही हकीकत राजाच्या चरित्रात नमूद करून ठेवली. ते चरित्र १३०९ मध्ये पुरे झाले.

म्हातारी मुसलमान होती, आणि तिच्या तोंडची गोष्टही तिच्या घरचीच होती; आठव्या शतकातील बसऱ्याची साध्वी राबिआ हिच्याविषयी सूफी परंपरेत अगदी अशीच आख्यायिका सांगतात. नवल एवढेच की ती लिहून ठेवण्याजोगी वाटली ती एका ख्रिस्ती सरदाराला, आणि तीही अशा काळात की ज्या धर्मयुद्धात तो लढत होता त्यात मरणाऱ्याला पापक्षालनाची हमी खुद्द पोपने दिलेली होती. मराठी वाचकाला या म्हातारीचे फारसे अप्रूप वाटणार नाही. मोक्ष नको, पुन्हापुन्हा जन्म दे, पण तुझे नाम आणि संतांची संगत सुटू देऊ नकोस, ही मागणी आपल्याकडील वारकऱ्याच्या रोजच्या ओठांवरची आहे. परंतु दोन्ही मागण्यांची किंमत सारखी नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपला भक्त मोक्ष नाकारतो तेव्हा त्याच्या पदरी फार तर आणखी एक जन्म येतो, आणि त्या जन्मातही आषाढी-कार्तिकी असतेच. ख्रिस्ती भक्त स्वर्ग नाकारतो तेव्हा त्याच्या धर्मशास्त्राप्रमाणे उरतो तो अनंतकाळचा नरक. म्हणूनच जो उद्गार पंढरपूरच्या वाटेवर सहज खपून गेला, त्याच उद्गारापायी फ्रान्सात एक स्त्री बंदिवासात पडली आणि एका आर्चबिशपाला राजाने दरबारातून हाकलले.

वास्तविक परलोकावाचून देवाची उपासना ही ख्रिस्ती धर्माच्या जन्मघरात अपरिचित गोष्ट नव्हती. जुन्या करारातील बहुतेक ग्रंथांत मरणोत्तर स्थिती म्हणजे शिओल नावाचा एक मुका, धूसर अधोलोक, जेथून देवाची स्तुतीही कोणी करीत नाही. मृतांच्या उत्थानाची निःसंदिग्ध वाच्यता होते ती दानिएलाच्या ग्रंथात, म्हणजे आधुनिक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात. येशूच्या काळी यरुशलेमच्या मंदिराची सत्ता ज्यांच्या हाती होती त्या सदूकी घराण्यांना हे उत्थान मान्यच नव्हते. सात भावांशी एकामागून एक विवाह झालेली विधवा परलोकात कोणाची बायको, असा खोचक प्रश्न त्यांनीच येशूला घातला होता. पण सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर बेचिराख केल्यावर हा पंथ इतिहासातून नाहीसा झाला, आणि नव्या धर्माने प्रेषित पौलाची बाजू उचलली. करिंथकरांस लिहिताना पौलाने सरळ सांगून टाकले की, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे आणि या जन्मापुरतीच आशा धरणारे आपण सर्वांत कीव करण्याजोगे ठरू. येथे वाद मिटायला हरकत नव्हती. परंतु याच पौलाने रोमकरांस लिहिताना, आपल्या यहुदी बांधवांसाठी स्वतः ख्रिस्तापासून तुटून शापित व्हायलाही आपण तयार आहोत, असे लिहून ठेवले. आणि त्याच्या कितीतरी आधी सोन्याच्या वासराच्या प्रकरणानंतर मोशेने देवाला, लोकांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या वहीतून माझे नाव खोडून टाक, असे विनवले होते. पुढे पंधराशे वर्षे या दोन वचनांचा अर्थ लावता लावता टीकाकारांची दमछाक झाली.

व्यवहारात हा प्रश्न उभा राही तो पापनिवेदनाच्या वेळी. देवावरील प्रेमामुळे झालेला पश्चात्ताप आणि नरकाच्या भयाने झालेला पश्चात्ताप या दोहोंत भेद करून, दुसऱ्या, उण्या प्रतीच्या पश्चात्तापालाही धर्मगुरूपुढे क्षमा मिळण्यास आडकाठी नाही, असे ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये ठरवले. त्यावरून पुढे इतके रण माजले की १६६७ मध्ये सातव्या अलेक्झांडर पोपने दोन्ही पक्षांना एकमेकांवर पाखंडाची तोहमत ठेवण्यास मनाई करणारा हुकूम काढला. व्यवहारचतुर माणसाला परिषदेची भूमिका पटण्यासारखी आहे. भीतीने का होईना, माणूस दाराशी आला तर त्याला आत घ्यावे. प्रेम मागाहून येईल.

पण सर्वच माणसे इतकी व्यवहारचतुर नसतात. १५८६ च्या सुमारास पॅरिसात जेझुइटांच्या विद्यालयात शिकणारा, विशीही न गाठलेला फ्रान्स्वा द साल हा सावॉयचा तरुण, देवाने आपल्याला अनादिकाळापासूनच नरकासाठी नेमून ठेवले आहे अशा समजुतीने पछाडला गेला. अन्न गोड लागेना, झोप येईना. असे कित्येक आठवडे गेले. शेवटी एका देवळात, मरियेच्या काळ्या मूर्तीपुढे, त्याने मनाशी गाठ बांधली : परलोकात तुझ्यावर प्रेम करणे माझ्या नशिबी नसेलच, तर निदान या जन्मी मी ते पुरेपूर करीन. तत्क्षणी भीती गेली. जिनिव्हाचा बिशप म्हणून मान्यता पावल्यावर, १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ईश्वरप्रेमावरील ग्रंथात त्याने या अनुभवाला शास्त्राची बैठक दिली आणि लिहिले की, अशक्य ते शक्य मानून क्षणभर धरले की आपला विनाश देवाला आपल्या तारणाहून अधिक आवडतो, तर खरा भक्त तारण टाकून विनाशाकडे धाव घेईल. यालाच पुढे ‘अशक्य कल्पना’ असे नाव पडले. सालचा मित्र, बेलेचा बिशप काम्यू, याने १६४० च्या सुमारास ज्वांव्हीलच्या म्हातारीलाच नायिका करून एक ग्रंथ रचला. तेव्हा कोणी तो गुन्हा ठरवला नाही. सालला तर १६६५ मध्ये संतपद मिळाले.

मग तीस-पस्तीस वर्षांत असे काय बिघडले की तेच वाक्य गुन्हा ठरावे? माझ्या मते बिघाड वाक्यात झाला नव्हता; ते बोलणारे माणूस बदलले होते. बिशपाने अशक्य कल्पना करावी ही एक गोष्ट, आणि मोंतार्जीच्या एका विधवेने, गुरूच्या परवानगीवाचून, ती घरोघर शिकवावी ही दुसरी. जान ग्युयाँ हिचा जन्म १६४८ चा. अठ्ठाविसाव्या वर्षी वैधव्य आल्यावर ती आल्प्सच्या दोन्ही अंगांना हिंडत मौन प्रार्थनेचा उपदेश करू लागली आणि १६८५ मध्ये ग्रनोबल येथे तिने प्रार्थनेच्या सोप्या रीतीवर एक लहानसे पुस्तक छापले. आत्म्याने स्वतःसाठी काहीही मागू नये, स्वर्गसुद्धा मागू नये, हे तिचे सूत्र. १६८८ मध्ये तिची गाठ आबे फेनलाँ याच्याशी पडली. हा पेरिगोरचा खानदानी धर्मगुरू पुढल्याच वर्षी राजाच्या नातवाचा शिक्षक झाला. तेव्हा त्याच्या मागोमाग ही शिकवण दरबारात आणि दरबारातून साँ-सीरच्या विद्यालयात शिरली.

साँ-सीर हे चौदाव्या लुईची गुप्तपणे विवाहित पत्नी मादाम द मँतनाँ हिने १६८६ मध्ये गरिबीत आलेल्या सरदारांच्या अडीचशे मुलींसाठी स्थापलेले विद्यालय. तेथील आठवणींत या काळाचे मोठे मासलेवाईक वर्णन आहे. नेमून दिलेली कामे टाकून मुलींवर देखरेख करणाऱ्या भगिनी माळ्यावर लपून ग्युयाँबाईंची हस्तलिखिते वाचीत. कोणी झाडलोट करता करता मध्येच थांबून केरसुणीच्या दांड्यावर रेलून ध्यानस्थ होई. सत्तेला खरी धास्ती वाटली ती या केरसुणीची. परलोकाचा मोबदला नको म्हणणारी व्यक्ती इहलोकातल्या हुकमालाही उद्या नको म्हणेल, हा तर्क मँतनाँबाईंसारख्या चाणाक्ष स्त्रीला सुचायला वेळ लागला नाही.

प्रकरण मोच्या बिशपाकडे, म्हणजे बोस्युएकडे, सोपवण्यात आले. बोस्युए हा त्या शतकातील फ्रेंच वक्तृत्वाचा मेरुमणी, युवराजाचा माजी शिक्षक, आणि एके काळी फेनलाँचा आश्रयदाताही. १६९४-९५ मध्ये पॅरिसजवळ इस्सी येथील बागेच्या बंगल्यात, तेथील वृद्ध आचार्य त्राँसाँ आजारी असल्याने त्यांच्या सोयीने, बैठका झाल्या आणि चौतीस कलमांचा तहनामा तयार झाला. यातील तेहेतिसावे कलम मोठ्या बारकाईने वाचण्याजोगे आहे. आतून पोळलेल्या, खऱ्याखुऱ्या नम्र आत्म्याला, देव आपली कृपा व प्रेम काढून न घेता, वचन दिलेल्या सुखाऐवजी अनंत यातना देईल अशी सर्वस्वी खोटी कल्पना करून तिला संमती देऊ द्यावी, असे त्यात मान्य केले होते. आणि त्याखाली बोस्युएची सही होती. म्हणजे म्हातारीचा विस्तव आणि पाणी दोन्ही सरकारजमा न करता, फक्त परवाना लागेल एवढे ठरले. ग्युयाँबाईंना मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस व्हँसेनच्या किल्ल्यात टाकण्यात आले आणि पुढे १६९८ ते १७०३ त्या बॅस्टिलमध्ये होत्या.

आता काँब्रेचा आर्चबिशप झालेल्या फेनलाँला आपल्या मैत्रिणीचा सार्वजनिक धिक्कार करणे जमले नाही. बोस्युएचा याच विषयावरचा ग्रंथ छापून होण्यापूर्वीच, १६९७ च्या आरंभी, फेनलाँच्या मित्रांनी घाईघाईने त्याचे ‘संतांची सूत्रे’ हे पंचेचाळीस कलमांचे पुस्तक बाजारात आणले. देवाकडून ऐहिक लाभ मागणाऱ्या प्रेमापासून आरंभ करून पाच पायऱ्यांनी चढत जाणारे, आणि शेवटी बक्षीस व शिक्षा दोन्ही दृष्टीआड झालेले प्रेम त्यात वर्णिले आहे. येथवर साल आणि काम्यू यांचीच वाट होती. पण फेनलाँ एक पाऊल पुढे गेला : शेवटच्या कसोटीच्या वेळी आत्म्याला आपला त्याग झालाच आहे अशी अनिवार खात्री पटते, आणि त्या अवस्थेत तो आपल्या शाश्वत हिताची आहुती सशर्त देत नाही, तर बिनशर्त देऊन मोकळा होतो. ‘जर’ हा एवढासा शब्द गळाला आणि तेथेच बोस्युएने त्याला गाठले. आशा हा ईश्वराने आज्ञापिलेला सद्गुण आहे. जो मनुष्य आशाच सोडतो तो देवाची आज्ञा मोडतो. शिवाय सुखाची इच्छा ही माणसाच्या प्रकृतीतच असल्याने ती सोडल्याची बढाई ही आत्मवंचना आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. जर्मनीत बसून हा वाद वाचणाऱ्या लाइब्नित्झने तोड सुचवली की, दुसऱ्याच्या सुखात आपले सुख मानणे हेच प्रेम. मग स्वार्थ आणि निःस्वार्थ यांचा झगडाच उरत नाही. तोड सुबक होती, आणि सुबक तोडग्यांचे जे होते तेच तिचे झाले.

पुढला भाग लवकर आटोपतो, कारण तो ईश्वरप्रेमाचा नसून दरबारी मसलतींचा आहे. १६९७ च्या ऑगस्टात राजाने फेनलाँला आपल्या धर्मप्रांतात जाण्याचे फर्मावले. १६९८ मध्ये बोस्युएने ग्युयाँबाईंनी विश्वासाने दिलेले कागद वापरून एक चुरचुरीत, आणि स्पष्टच बोलायचे तर न शोभणारी, हकीकत छापली. रोममध्ये परीक्षक नेमलेल्या दहा जणांची मते पाच-पाच अशी फुटली. आणि वर्साय दरबाराचा तगादा असह्य होऊन बाराव्या इनोसंट पोपने १२ मार्च १६९९ रोजी तेवीस वाक्यांना दोषी ठरवले. तरी पाखंड हा शब्द त्या निकालपत्रात नाही. फेनलाँने देवावर अति प्रेम केल्याची चूक केली आणि बोस्युएने शेजाऱ्यावर फार थोडे प्रेम केल्याची, असा अभिप्राय या पोपच्या नावावर सांगतात; तो त्याचा असो वा नसो, बेतलेला चांगला आहे. फेनलाँला बातमी कळली ती २५ मार्चला, प्रवचनपीठावर चढण्याच्या बेतात असताना. तयार केलेले प्रवचन बाजूला सारून तो वरिष्ठांच्या आज्ञापालनावर बोलला. नंतर सोळा वर्षे तो काँब्रेतच राहिला. आणि १७०९ मध्ये मालप्लाकेची लढाई जवळच होऊन शेकडो जखमी शहरात आले तेव्हा आपला वाडा त्याने त्यांच्यासाठी उघडला, खेड्यांतून परागंदा झालेल्या कुणब्यांना गुराढोरांसह आसरा दिला. मोबदल्याची आशा सुटली की माणूस केरसुणीवर रेलून बसतो, ही साँ-सीरची भीती त्याच्याबाबतीत तरी खोटी ठरली.

हाच वाद पुन्हा पेटला तो जेथे फेनलाँचे अनुयायी असण्याचा संभवच नव्हता अशा कॅल्व्हिनपंथी न्यू इंग्लंडात. जोनाथन एडवर्ड्सचा शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स १७७० मध्ये न्यूपोर्ट बंदरातील मंडळीचा पाळक झाला. त्या काळी न्यूपोर्टची भरभराट ज्यावर उभी होती तो व्यवहार असा : वेस्ट इंडीजमधून काकवी आणायची, शहरातील भट्ट्यांत तिची रम गाळायची, ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन माणसे घ्यायची, आणि ती माणसे वेस्ट इंडीजमध्ये विकून पुन्हा काकवी भरायची. हॉपकिन्सचा सिद्धान्त होता की सर्व पापाचे मूळ स्वार्थ, आणि स्वर्गासाठी केलेली भक्ती हाही स्वार्थच. तेव्हा देवाच्या गौरवासाठी आपला नाश आवश्यक असेल तर त्यालाही जो राजी नाही, त्याचा पालट अद्याप झालेला नाही. ऐकायला हा सिद्धान्त भयंकर आहे, आणि हॉपकिन्सची प्रवचने नीरस असत असे त्याच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. परंतु भक्तीतल्या नफ्यावर ज्याने बोट ठेवले त्याला गोदीतला नफा दिसल्यावाचून कसा राहील? त्याने आपल्याच मंडळीतील व्यापाऱ्यांसमोर गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रवचने दिली, १७७६ मध्ये गुलामगिरी बंद करण्याची मागणी करणारा संवाद छापून तो अमेरिकन काँग्रेसला अर्पण केला, आणि जॉन क्वामिनी व ब्रिस्टल यामा या दोन आफ्रिकी सभासदांना धर्मप्रसारक करण्यासाठी प्रिन्स्टनला शिकायला धाडले. यामा तर तेव्हा स्वतः पुरता दास्यमुक्तही नव्हता.

त्याच्या अनुयायांत दीक्षार्थीला, देवाच्या गौरवासाठी नरकात जायला तयार आहेस काय, असे विचारण्याची प्रथा पडली असे सांगतात. एका उमेदवाराने त्यावर, मी नाही, पण परीक्षक मंडळाने जायला माझी हरकत नाही, असे उत्तर दिल्याची दंतकथाही प्रसिद्ध आहे. कोणत्याही कठोर साधनेची औपचारिक प्रश्नपत्रिका झाली की तिची हीच गत व्हायची.

या हॉपकिन्सपंथाचा मुंबईशी आलेला संबंध आपल्याकडे फारसा कोणी ध्यानात घेत नाही. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचा पहिला कार्यवाह सॅम्युएल वुस्टर याच पंथाचा होता. त्या बोर्डाने धाडलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. त्यांना परत पाठवण्याचा हुकूम कंपनी सरकारने आधीच काढून ठेवला होता, पण नव्या सनदेमुळे तो निष्प्रभ झाला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडील खेड्यांत फिरता फिरता पटकीने गेला. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार यांनी पुढे अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापनशिक्षणाशी त्यांचे नाव निगडित झाले. एवढे सगळे निःस्वार्थ प्रेमाच्या नावाने. मात्र या मंडळींच्या उपदेशात एक चमत्कारिक विसंगती होती. स्वतःचा स्वर्ग देवाच्या पायांवर ठेवायला सिद्ध असलेल्यांनी दुसऱ्याचा नरक मात्र घट्ट धरून ठेवला होता : ख्रिस्ताचे नाव न ऐकता मेलेला प्रत्येक हिंदू अनंतकाळच्या यातनांत पडतो, आणि म्हणून निघा, म्हणून वर्गणी द्या, हे आवाहन अमेरिकेतील गावोगावच्या देवळांत पाऊणशे वर्षे होत राहिले.

त्याला आव्हान दिले ते अहमदनगरच्या एका मिशनऱ्याने. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतच मिशनरी घराण्यात झाला. ते १८७४ पासून नगरास होते आणि तेथे देशी पाळकांना शिक्षण देणारी सेमिनरी त्यांनी चालवली. १८८६ मध्ये रजेवर गेले असता अँडोव्हर येथे आपल्या जुन्या विद्यालयाच्या मेळाव्यात बोलताना, ज्यांना या जन्मी शुभवर्तमान ऐकायलाच मिळाले नाही त्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल, या नव्या मताला त्यांनी अनुकूलता दाखवली. लगेच बोर्डात खळबळ उडाली आणि त्यांच्या परत जाण्याची मंजुरी रोखण्यात आली. विरोधकांचा आक्षेप शास्त्रवचनांचा होताच, पण त्याहून मोठा होता तो व्यवहाराचा : नरकाची निकड काढून टाकली तर मिशनची नसच तुटेल, मग कोण घरदार सोडील, आणि कोण पैसा देईल? हा प्रश्न साँ-सीरमध्ये मँतनाँबाईंनी विचारला होता तोच. तेथे केरसुणी थांबेल म्हणून, येथे वर्गणी थांबेल म्हणून.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. सालपासून हॉपकिन्सपर्यंत एकानेही परलोक नाही असे म्हटलेले नाही. तो आहे अशी त्यांची पक्की खात्री होती, म्हणूनच तो देऊन टाकण्याच्या भाषेला वजन होते. जो आज परलोक मानीतच नाही आणि तरी ख्रिस्ताचा मार्ग धरू इच्छितो, त्याच्यापाशी आहुती द्यायला ती वस्तूच नाही. फेनलाँ त्याचा साक्षीदार म्हणून उभा राहिला नसता. पण दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मोबदला दृष्टीआड झाल्यावर हा विश्वास माणसाकडून काही करवून घेतो की नाही यावर, या माणसांची साक्ष निकालात काढता येत नाही, आणि ती साक्ष साँ-सीरच्या भीतीविरुद्ध जाते.

ह्यूम यांना १८८७ मध्ये परत जाण्याची मंजुरी मिळाली, १८९३ पर्यंत बोर्डाचा विरोधही निवळला, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंदचे सुवर्णपदक दिले. मिशनची नस तुटली नव्हती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक याच नगरच्या मिशनमध्ये आले आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे सांगू लागले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना सारखीच जागा होती, आणि न झालेल्यांचे मरणोत्तर काय होणार हा प्रश्न त्यांच्या प्रवेशाच्या आड येत नव्हता.